थकबाकीदाराचं पाणी तोडता येतं का? 'आधी कर्तव्य, मग हक्क' या युक्तिवादाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोसायटीतल्या एका सभासदाने बरेच महिने मेंटेनन्स भरलेला नाही. सर्वसाधारण सभेत त्याचं पाणी बंद करायचा ठराव आला. तुम्ही एकट्यानेच विरोध केलात आणि 'पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे' असं म्हणालात. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "आधी कर्तव्य, मग हक्क. संविधानातसुद्धा मूलभूत कर्तव्यं आहेत. आणि हक्क दिले कोणी? सरकारनेच ना? मग अटी असणारच." टाळ्या पडल्या, तुम्हाला उत्तर सुचलं नाही. आता तुम्ही विचारताय की हक्क मुळात येतात कुठून, आणि कर्तव्य चुकवणाऱ्याचे ते काढून घेता येतात का.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. सोसायट्यांचे दावे येतातच, शिवाय विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची कामंही बघतो. त्यामुळे ही दोन वाक्यं, 'आधी कर्तव्य' आणि 'दिले कोणी', माझ्या कानावर जवळपास रोज पडतात.

आधी ठरावाचं बघू, ते सोपं आहे. थकबाकी वसूल करायला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात स्वतंत्र रस्ता आहे. पूर्वी हे काम कलम १०१ खाली चालायचं, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ ब-२९ आहे. उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, वसुली दाखला घ्यायचा आणि त्यावर जप्तीपर्यंत जाता येतं. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. थकबाकीदाराला समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. नळ बंद करायचा अधिकार मात्र उपविधींनी समितीला कुठेही दिलेला नाही. सभेत शंभर टक्के हात वर झाले तरी नसलेला अधिकार तयार होत नाही.

पण तुम्हाला टोचलंय ते दुसरंच. सेक्रेटरींचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं आणि तरी कुठेतरी चुकतंय, ते नेमकं कुठे?

माझ्या मते ते असं चुकतं. हक्क आणि कर्तव्य यांची जोडी असते हे खरंच आहे. पण ती जोडी एकाच माणसाच्या आत नसते, दोघांमध्ये असते. माझा हक्क म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य. वेस्ली होफेल्ड या अमेरिकन कायदेपंडिताने १९१३ साली ही मांडणी इतकी काटेकोर करून ठेवली की त्यानंतर हक्कांबद्दल गंभीरपणे लिहिणाऱ्या कुणालाही ती टाळून पुढे जाता आलेलं नाही. सेक्रेटरींच्या डोक्यात मात्र किराणा दुकानाची वही आहे: एकाच नावावर डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि बाकी शिल्लक असेल तरच माल.

कोर्टात हे रोज दिसतं. अटक केलेल्या माणसाला पहिल्यांदा रिमांडसाठी आणतात. कपडे चुरगळलेले, पायात बऱ्याचदा चप्पल नसते, शेजारी ज्याने पकडलं तोच हवालदार. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तो हवालदाराकडे बघतो आणि नाही म्हणतो. "वकील नेमलाय?" तो काहीच बोलत नाही. मग पॅनेलवरच्या वकिलाला पुकारतात आणि आम्ही वकीलपत्रावर त्याची सही किंवा अंगठा घेतो. या सगळ्यात त्याने आजवर कुठलं कर्तव्य पार पाडलं हे कोणी विचारत नाही. चोरी केलेली असेल तर उघडच आहे, पार पाडलेलं नाही. पण त्याला चोवीस तासांच्या आत हजर करणं हे पोलिसांचं कर्तव्य, त्याला विचारणं हे मॅजिस्ट्रेटचं, माझी फी भरणं हे सरकारचं. त्याच्या एका हक्कापोटी इतकी माणसं कामाला लागलेली असतात.

यावर हमखास येणारं उदाहरण म्हणजे कसाब. (त्याच्या बिर्याणीची गोष्ट आपण रचली होती असं खुद्द सरकारी वकिलांनीच नंतर सांगितलं, ते असो.) २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने देशभरातल्या मॅजिस्ट्रेटना बजावलं की पहिल्यांदा हजर केलेल्या प्रत्येक आरोपीला 'तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल' हे सांगणं तुमचं कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाली तर खात्यांतर्गत कारवाई होईल. त्या माणसाने माणुसकीचं एकही कर्तव्य पाळलेलं नव्हतं. त्याला शिक्षा झालीच, पण शिक्षेचा रस्ता वेगळा आणि हक्काचा वेगळा.

आता 'हक्क दिले कोणी?' हे जास्त अवघड आहे, आणि इथे एकमत नाही हे आधीच मान्य करतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचं म्हणणं, ज्याला किंमत असते त्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं, माणसाच्या बाबतीत तसं करता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. आपल्याकडे जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म'मध्ये (छापला गेला १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर) निर्मिकाचा आधार घेतला: निर्मिकानेच सर्व स्त्री-पुरुष स्वतंत्र निर्माण केले, तेव्हा अडवणारे तुम्ही कोण? याच्या उलट इंग्लंडचा बेंथम. नैसर्गिक हक्क वगैरे सगळी बडबड आहे, हक्क हे कायद्याचं अपत्य आहे, कायदा नाही तर हक्क नाही, असं त्याने ठासून सांगितलं. तुमच्या सेक्रेटरींना कल्पना नसेल, पण ते बेंथमचे शिष्य आहेत.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या वेळी हाच पेच आला होता. मसुद्यात ईश्वराचा उल्लेख असावा असं काहींना वाटत होतं, निसर्गाचा असावा असं काहींना. शेवटी दोन्ही बाहेर ठेवले आणि १० डिसेंबरला पॅरिसमध्ये ४८ विरुद्ध शून्य मतांनी तो संमत झाला. आठ देश तटस्थ राहिले, त्यात सोव्हिएत गटाबरोबर सौदी अरेबिया आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकाही होते. त्याआधी युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांची मतं मागवली होती. त्यात भाग घेतलेले फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितां यांनी सांगितलेला किस्सा मला आवडतो: इतक्या परस्परविरोधी विचारांचे लोक एका यादीवर सहमत कसे झाले असं कोणी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, आम्ही हक्कांबद्दल सहमत आहोत, फक्त 'का' असं विचारू नका.

तत्त्वज्ञांना 'का' टाळता येतं. न्यायाधीशाला कधीकधी येत नाही. आपल्याकडे तसं एकदा झालं, आणि मला वाटतं बेंथमच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचावं.

आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ साठी, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी, न्यायालयात जायची वाट बंद केली होती. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेता येतात असं ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो खटला म्हणजे एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार मारलं तर त्यावर दाद मागता येईल का? डे यांचं उत्तर होतं, आणीबाणी असेपर्यंत, आमच्या युक्तिवादाप्रमाणे, नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. एकटे खन्ना विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं की जगण्याचा हक्क काही संविधान लागू झालं त्या दिवशी जन्माला आला नाही. कायद्याचं राज्य असलेल्या कुठल्याही समाजात तो आधीपासून असतो, अनुच्छेद २१ हा त्याचा एकमेव साठा नव्हे. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा तो निकाल सदोष म्हणून मोडीत काढला. त्याआधीच, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज झाली होती.

म्हणजे 'सरकारने दिले' हे वाक्य शेवटपर्यंत ताणलं की निरेन डे यांच्या उत्तरापाशी येऊन पोहोचतं. कांटचं की फुल्यांचं, कुठलं तत्त्वज्ञान अंतिमतः खरं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण वकील म्हणून एक कसोटी वापरतो: जो देतो म्हणतो त्याला मर्जीप्रमाणे ते परत घेता येतं का? येत असेल तर ती सवलत. राज्यसंस्था हक्कांना मान्यता देते, त्यांची अंमलबजावणी करते, हद्द आखते, आणि हे सगळं फार महत्त्वाचं आहे. पण त्यामुळे ती मालक होत नाही.

मूलभूत कर्तव्यांबद्दल सेक्रेटरी बोलले, तर त्यांचा काळही लक्षात घ्या. अनुच्छेद ५१ क संविधानात आला तो याच आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, विरोधी नेते तुरुंगात असताना. तेव्हा दहा कर्तव्यं होती, २००२ मध्ये मुलांच्या शिक्षणाचं अकरावं आलं. यादी वाईट नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन, बंधुभाव, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, नद्या-जंगलांचं रक्षण, हे कुणालाही मान्य व्हावं असंच आहे. पण त्यांच्या भंगाबद्दल थेट शिक्षा नाही, आणि 'ही पाळली तरच भाग तीनमधले मूलभूत हक्क मिळतील' असं संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. गंमत म्हणजे ज्या स्वर्णसिंग समितीच्या शिफारशींवरून ही कर्तव्यं आली, तिने कर भरण्याचं कर्तव्यही सुचवलं होतं, ते या यादीत आलंच नाही. मेंटेनन्सचं तर सोडाच.

'आधी कर्तव्य' म्हणणारे बहुतेक जण शेवटी गांधीजींचा दाखला देतात, आणि तो हलका नाही. युनेस्कोने विचारणा केली तेव्हा मे १९४७ मध्ये गांधीजींनी ज्युलियन हक्सले यांना छोटंसं पत्र लिहिलं: माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून मी शिकलो की सारे हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात. मी हे पत्र गांभीर्याने घेतो. पण ते कोण कुणाला सांगतंय ते बघा. ज्या माणसाने स्वतःवर कर्तव्यांचा डोंगर घेतला, तो स्वतःच्या जगण्याचा नियम सांगतोय. तोच नियम समितीने दुसऱ्याच्या नळाला लावला की त्याचा अर्थ पार बदलतो.

आणि महाराष्ट्रात तरी हे सूत्र कागदावरचं राहिलेलं नाही, शेकडो वर्षं चालवून पाहिलेलं आहे. गावगाड्यात प्रत्येकाला जन्माने कामं नेमून दिलेली होती. मेलेली जनावरं ओढणं, सांगावे पोचवणं, हद्दीची राखण, ही महारांची कामं. त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली, रात्री-अपरात्री केली. कर्तव्यात कसूर नव्हती. मग हक्क मिळाला का? साधं पाणीसुद्धा नाही.

महाडचं प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचून बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला: सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ च्या सुरुवातीला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, नगराध्यक्ष होते सुरबानाना टिपणीस. म्हणजे बेंथमच्या हिशेबाने काम पूर्ण झालं, कायदा आला म्हणजे हक्क आला. प्रत्यक्षात कोणी तळ्यावर जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा गावात मारहाण झाली आणि नंतर पंचगव्य ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला, त्यामुळे त्या महिन्यात ठरलेला दुसरा सत्याग्रह तहकूब करावा लागला. परिषद मात्र झाली आणि २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. ते दहन कशाचं होतं ते इथे लक्षात घ्यायला हवं. कोणी काय करायचं याचे जन्माधारित नियम खच्चून भरलेला तो ग्रंथ, आणि तळातल्या माणसाने इतरांकडून काय मागायचं याबद्दल त्यात जवळजवळ शुकशुकाट.

दाव्याचा शेवट मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात झाला. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला खरा, पण कुठल्या कारणाने? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अतिप्राचीन काळापासून चालत आल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही म्हणून. माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे, असं नव्हे. निकाल देणारे न्या. ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. उद्या प्रथा सिद्ध झाली असती तर? माझ्या अशिलासाठी मला असला निकाल मिळाला तर मी पेढे वाटीन, पण त्याच्यावर समाज उभा करायला धजणार नाही.

यातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष सेक्रेटरींच्या आणि आपल्यासारख्या कायदेवाल्यांच्याही पचनी पडायला कठीण आहे. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात ते म्हणाले की हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. समाजच विरोधात गेला तर कुठलाही कायदा, संसद किंवा न्यायालय पुरं पडत नाही. म्हणजे कर्तव्याचं महत्त्व बाबासाहेबही नाकारत नाहीत, उलट सगळा भार त्यावरच टाकतात. फक्त ते कर्तव्य तळ्यावर येणाऱ्याचं नाही, आधीपासून काठावर उभ्या असलेल्यांचं आहे.

परिस्थितीवर काय अवलंबून असतं तेही सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. सगळेच हक्क बिनशर्त नसतात. तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याला मतदान करता येत नाही. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मला स्वतःला ही दुसरी अट पटत नाही, पण न्यायालयांनी अशा अटी वैध ठरवल्या आहेत. मनाई हुकूम मागायला जो येतो त्याचे हात स्वच्छ आहेत का हे न्यायाधीश बघतातच. कायद्याने निर्माण केलेल्या किंवा करारातून आलेल्या हक्कांना अटी असू शकतात. माणूस असल्यामुळे जे येतात त्यांना मर्यादा असतात, पण आधी पात्रता सिद्ध करा अशी अट नसते. तशी असती तर तान्ह्या बाळाचं, बेशुद्ध रुग्णाचं, मतिमंद मुलाचं काय करणार? त्यांच्याकडून कुठलंच कर्तव्य होत नाही, आणि सर्वांत भक्कम हक्क त्यांचेच असायला हवेत याबद्दल तुमच्या सभेत एकही हात खाली राहणार नाही.

तुमच्या सोसायटीला जवळचा दाखला म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा पाणी हक्क समितीच्या याचिकेवरचा आदेश. ठरावीक तारखेनंतरच्या अनधिकृत झोपड्यांना महापालिका पाणी देत नव्हती. न्यायालयाने सांगितलं, बांधकाम बेकायदा असलं म्हणून तिथल्या माणसाला पाणी पूर्ण नाकारता येणार नाही, कारण पाणी हा अनुच्छेद २१ चा भाग आहे. त्याच वेळी हेही सांगितलं की कायदेशीर घरात राहणाऱ्यांच्या बरोबरीने पुरवठा मागता येणार नाही, आणि दर जास्त लावता येईल. मला हा समतोल नेमका वाटतो. बांधकाम पाडायची कारवाई तिच्या रस्त्याने चालू शकते, पैसे घेता येतात, पण घसा कोरडा ठेवून नियम पाळायला लावायचं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की पुढच्या सभेत काय बोलू. जाहीरनाम्याचं आणि कांटचं नाव काढू नका, लोक वैतागतील. इतर सभासदांचीही बाजू खरी आहे हे आधी म्हणा. टँकरचे पैसे ते भरतायत आणि एकाने फुकट राहावं असं तुमचं म्हणणं नाही. मग पर्यायी ठराव तुम्हीच मांडा: व्याजासह थकबाकीची नोटीस, ठरावीक मुदत, नंतर वसुली दाखल्यासाठी अर्ज. सभेआधी त्या सभासदाला एकदा भेटा. नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, की बिलाच्या आकड्यावरच वाद आहे, यावर बरंच अवलंबून असतं. खरंच अडचण असेल तर हप्ते बांधून द्यायला समिती सहसा तयार होते. निव्वळ अरेरावी असेल तर दाखल्याला उशीर करू नका. हप्ते ठरले तर ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि थकबाकीची रक्कम मान्य असल्याची त्याची लेखी सही घ्या. तोंडी आश्वासनावर वर्ष निघून जातं आणि मग आमच्याकडे मुदतीचा वाद घेऊन यावं लागतं.